झऱ्याच्या तळाची काळी माती

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या उशाला मातीचं धरण. वरून लाल मुरूम, पोटात काळी चिकणमाती. साऱ्या गावाची तहान त्यावर भागायची. धरणाची राखण एक विधवा बाई करायची. तिच्या घराण्याची रीतच होती: बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरलं, की ते तांब्यात धरायचं, निवळू द्यायचं आणि तळ बघायचा. काळी माती दिसली, तर धरण आतून पोखरतंय असं समजायचं.

एका उन्हाळ्यात तिला बांधाच्या पायथ्याशी थंडगार झरा दिसला. तिने हळदकुंकू वाहिलं आणि गावात सांगितलं, "देवी आली!" झालं! तिथल्या दगडाला शेंदूर लागला, झऱ्यावर मांडव उभा राहिला. काल जिला कोणी 'ये, बस' म्हणत नव्हतं, तिच्या पाया पडायला रांग लागली. आता देवीच्या पाण्याचा तळ कोण बघतो? तांब्या फळीवरच राहिला.

आठवड्याभरात मात्र विपरीत घडू लागलं. बांधातले उंदीर, विंचू भर उन्हात डोंगराकडे निघाले. पाण्यावर बगळा उतरेना. एका दुपारी बाई मांडवात एकटीच होती. वारा पडला होता. तिच्या मांडीखालून आवाज आला, गट्, गट्, गट्. जमिनीखाली कोणीतरी पाणी पीत होतं आणि त्याची तहान भागत नव्हती.

"आई, तूच ना गं?" तिने विचारलं.

आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आणखी जवळून.

तिने फळीवरचा तांब्या आणून झऱ्यात भरला. पाणी निवळलं. तळाशी बोटभर काळी माती होती.

बोलावं तर मान जाणार, न बोलावं तर गाव जाणार. खोटं कशाला सांगू, मान सोडवेना तिला. एवढ्यात लेकरं कडेवर घेऊन बायका नैवेद्याला आल्या, आणि तिला राहवलं नाही.

"बाहेर व्हा गं! ही देवी न्हाई, धरण फुटतंय! धरणाची मोरी उघडा! मीच चुकले!"

पाटील धावत आले. "देवीला नावं ठेवतीस? मोरी उघडून पाणी सोडलं, तर उन्हाळाभर प्यायचं काय?"

"पाटील, तळ बघा. ही माती आपल्या आज्यांनी डोईवरनं वाहून आणलीया."

पाटलांनी माती बोटांत चोळली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मोरी उघडली. दोन दिवस पाणी ओढ्याने वाहून गेलं. तिसऱ्या दिवशी मांडव, शेंदराचा दगड आणि बांधाचा तेवढा भाग आवाज न करता खाली बसला. बैलगाडी मावेल एवढं भगदाड पडलं. पण मागे पाणीच उरलं नव्हतं, म्हणून गाव वाचलं.

तो उन्हाळा घोटभर पाण्यावर निघाला. भगदाड बुजवून बांध पुन्हा उभा केला. तिथल्या नव्या देवळीत आता मूर्ती नाही, तांब्या आहे. वारा पडलेल्या दुपारी मातीखाली अजून कोणीतरी ओठ चाटतं म्हणतात. ते ऐकू आलं, की बाई तांब्या घेऊन निघते.

तात्पर्य एवढंच: हात खुशाल जोडा, पण आधी तळ बघा, आणि चूक आपली असेल, तर ती गावाला सर्वांत आधी आपणच सांगा.