माळवदावरच्या काचऱ्या

भक्तजनहो, रेवागीर महाराजांचा मुक्काम त्या काळी सावळदरा गावी होता. गावाच्या उगवतीला, ओढ्याकाठच्या लिंबाखाली त्यांची धुनी असे आणि धुनीमागे चार खणांचा साधा मठ. महाराज फार बोलत नसत. कुणीही आले की आधी विचारत, "जेवलास का?" बाकीचे सारे त्यानंतर.

मठात रोज एका घरचा नैवेद्य येई. प्रत्येक घराची तिथी ठरलेली. ठकूबाई माळिणीच्या घराकडे चैत्र वद्य दशमी होती. ही तिथी कुणालाच नको असायची, कारण तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि गावात हिरवे पान दिसत नाही. ठकूबाईच्या नवऱ्याने ती महाराजांकडून मागून घेतली होती. तो गेला त्याला पाच वर्षे झाली, पण तिथी एकदाही चुकली नव्हती.

ती कशी चुकली नाही? तर भादव्यात ठकूबाईचे परस ओसंडून जाई. मांडवावर कारली, कडेला गवार, भेंडी, मिरच्या, पन्हाळीखाली ओवा. पावसाने पाठ फिरवली आणि ऊन कडक झाले की ती सगळे तोडून, चिरून, मीठ-हळद लावून वाळवायची. चैत्रात त्याच काचऱ्या भिजवून पन्नास माणसांची भाजी व्हायची. चिरताना ती आपल्याशीच गुणगुणे,

कडू कारल्याची काचरी
मिठात न्हाणिली
उन्हाला वाहिली
देवा तुझ्या.

त्या वर्षी पितृपंधरवडा सरत आला होता. ठकूबाई धुनीपाशी ओव्याची पाने घेऊन आली. मठाची कोठी सांभाळणारे आणि रोज दुपारी पोथी वाचणारे नरहरपंत तिथेच बसले होते.

"काय ठकूबाई, यंदाही देवाला सुकटच का?"

बसलेली माणसे हसली. ठकूबाईने पदर सावरला. "सुकट न्हवं पंत, काचऱ्या हायत त्या."

"वाळलं ते शिळं. नैवेद्य ताजा लागतो. माझ्या मामेभावाच्या मळ्यात चैत्रातही मोट चालते, वांगी असतात. दशमी त्याला देऊन टाकतो."

"असं करू नका पंत. महाराजांनी ह्यांच्या हातावर दिलेली तिथी हाय ती. ह्यांचं म्हणून तेवढंच राहिलंय घरात."

पंतांनी उपरणे झटकले. "बरं, तुझंही मन मोडायला नको. अमावास्येला तुझं वाळवण कोठीत आणून दाखव. त्यात बुरशीची एक काचरी निघाली, तर तिथी गेली समज."

महाराज तिथेच होते. त्यांनी धुनीतले लाकूड जरासे आत सारले, इतकेच.

अमावास्येला चार दिवस होते. ठकूबाईने त्याच संध्याकाळी मांडव उतरवला. कारली गोल चिरून मीठ-हळदीत ठेवली, गवार वाफवली, भेंडी उभी चिरली, मिरच्या ताकात घातल्या. सकाळी कारल्यांचे पाणी पिळून, शिडी लावून सारे घराच्या सपाट छतावर, माळवदावर पसरले. पहिल्या दिवशी ऊन चांगले लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराज भिक्षा घेऊन परतताना तिच्या कुंपणापाशी थांबले.

"ठकू, पंतांच्या आईच्या पोटात सकाळपासून कळा येताहेत. सून माहेरी गेलीय. पंत पोथीला बसतील, आणि म्हातारी आपल्यासाठी त्यांना पोथीवरून उठू देणार नाही. ओवा घेऊन जा. उतार पडेपर्यंत हलू नकोस."

ठकूबाईने मावळतीकडे पाहिले. घोंगडीएवढा काळा ढग आला होता.

"महाराज, वर वाळवण घातलंय..."

"तू म्हातारीकडे बघ. वाळवणाकडे मी बघतो."

ठकूबाई लगबगीने निघाली, आणि निघताना रोजच्या सवयीने शिडी काढून घरात आडवी ठेवली. शेजारची शेळी अशी अवचिंदी होती की शिडी चढून गवार खायची! दाराला कुलूप घालून तिने किल्ली कमरेला खोचली.

पंतांच्या आई, उमाआक्का, अंथरुणात मुटकुळे करून पडल्या होत्या. ठकूबाईने ओव्याची पाने उकळून पाजली, वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि शेकू लागली. थोड्याच वेळात छपरावर टपटप सुरू झाली आणि बघता बघता पाऊस कोसळू लागला. तेव्हा तिच्या ध्यानात आले, की शिडी घरात आहे, घराला कुलूप आहे आणि किल्ली आपल्या कमरेला आहे. शेजारणीला दया आली तरी ती वर जाणार कशी? आणि महाराज तरी कसे जाणार?

तिची नजर दाराकडे वळलेली आक्कांनी पाहिली.

"ठके, काही वाळत घातलंयस का गं?"

"व्हय आक्का."

"मग जा की. मी काही लगेच मरत नाही."

"उतार पडू दे तुमास्नी," ठकूबाई म्हणाली आणि तिने वीट पुन्हा तापायला ठेवली. डोळ्यांतले पाणी चुलीच्या धुराचे म्हणून खपून गेले. कारली गेली, गवार गेली, धन्याची तिथी गेली. पण महाराजांनी सांगितले होते, हलू नकोस. ती हलली नाही.

पाऊस थांबला तेव्हा आक्कांना गाढ झोप लागली होती. चिखल तुडवत ठकूबाई घरी आली. कुलूप जसेच्या तसे. आत शिडी जशीच्या तशी आडवी, कोरडी. आणि शिडीपलीकडे चार दुरड्या! एकीत कारली, एकीत गवार, एकीत भेंडी, एकीत मिरच्या. हात घातला तर पावसाच्या थेंबाचे नाव नाही. कारल्यांच्या दुरडीवर भगवी छाटी पांघरलेली होती.

ती उंबऱ्यातच बसली.

इतक्यात नरहरपंत आले. धोतर चिखलाने भरलेले, पायांत वहाणा नाहीत.

"ठकूबाई, महाराजांची छाटी... इथे आहे का?"

तिने नुसते बोट दाखवले. पंतांनी छाटी पाहिली, दुरड्या पाहिल्या आणि भिंतीला टेकले.

"मी पोथी वाचत होतो. पाऊस आला तशी मी म्हटलं, ठकूबाईची सुकट भिजली! सगळे हसले. महाराज समोर डोळे मिटून बसलेले. हात असे हलत होते, भुईवरून काही गोळा करावं तसे. मला वाटलं, डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा अंगावर छाटी नव्हती. चाळीस माणसं बसली होती गं, कुणी उठलं नाही, कुणी आलं नाही! विचारलं तर म्हणाले, 'ठकूच्या काचऱ्यांवर राहिली. घेऊन या. वाटेत आईला बघा.'"

पंतांनी उपरण्याने डोळे पुसले. "आईकडे गेलो. ती म्हणाली, ठकी तिचं सगळं पावसात सोडून माझ्यापाशी बसली. आणि मी तिकडे हसत होतो."

दोघे मठात आले तेव्हा महाराज राखेने हात चोळत होते. तळव्यांची हळद काही केल्या जात नव्हती. पंत धावत जाऊन पायांवर कोसळणार, तोच महाराजांनी हात आडवा धरला.

"आधी तिकडे पंत. मी नुसतं उचललं. लावलं, तोडलं, चिरलं, खारवलं तिनं."

पंत वळले. ठकूबाई दोन पावले मागे सरली. "नका पंत, पाप लागंल मला." पण पंतांनी तिच्या चिखलाच्या पायांपुढे डोके टेकले होते. "तिथी तुझी, ठकूबाई. तुझीच."

महाराजांनी छाटी खांद्यावर घेतली, तिला चिकटलेली एक काचरी तोंडात टाकली आणि म्हणाले, "मीठ बरोबर आहे. पण कारली जाड चिरलीस. अजून दोन उन्हं लागतील."

"जी," ठकूबाई म्हणाली.

तीही दोन उन्हे पडली. शेळीला हाकायला हातात काठी घेऊन शिडीपाशी कोण उभे होते, तर नरहरपंत!

पुढे चैत्र आला. वद्य दशमीला मठात पंगत बसली. गावात हिरवे पान नव्हते, पण काचऱ्यांच्या भाजीचा वास ओढ्यापलीकडे गेला होता. वाढायला पंत स्वतः उभे होते. पानावर बसलेल्या एकाने हसत विचारले, "काय पंत, आज सुकट का?"

पंतांनी पातेल्यासमोर गुडघे टेकले, कपाळ भुईला लावले आणि मगच पळी उचलली.