सैल चिमटा

मालट्रक धापा टाकत घाट चढायचे, तेव्हाची गोष्ट. अशाच एका जुन्या ट्रकच्या फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा फ्यूज धरून ठेवणारा पितळी चिमटा होता. त्याने धरलेला प्रत्येक फ्यूज एक दिवस जळून जायचा आणि चिमटा पुन्हा एकटा उरायचा. शेवटी त्याने ठरवलं, आता कुणाला घट्ट धरायचंच नाही.

नवा फ्यूज आला, तो सैलच बसला. मधल्या फटीत ठिणग्या उडाल्या. फ्यूज शाबूत राहिला, चिमटाच काळा पडला. ऐन वळणावर हॉर्न वाजेना. ट्रक थोडक्यात वाचला.

दौलू मिस्त्रीने काजळी खरवडली, पकडीने चिमटा आवळला. "सैल पडला, म्हणून जळाला," तो ड्रायव्हरला म्हणाला आणि तोच फ्यूज परत बसवला.

"तूही जाशीलच ना?" चिमट्याने फ्यूजला विचारलं.

"जाईन. पण आत्ता घट्ट धर. पुढे वळण आहे."