न्हाणीघराची खिडकी

हिरडगावचे महाराज उदंडराव न्हाणीघरात अडकले. अंगावर ओला पंचा, डोक्याला निम्मी शिकेकाई, आणि दार काही केल्या उघडेना.

बाहेर सगळा दरबार जमला. चार पहिलवान बाह्या सरसावून पुढे झाले आणि तिथेच थबकले. दारावर खुद्द महाराजांचीच छबी कोरलेली होती. धक्का द्यायचा तर महाराजांच्या पोटावर, कुऱ्हाड घालायची तर थेट नाकावर! पहिलवानांनी आधी छबीला मुजरा केला, मग मिशीच्या बाजूला थोडी मोकळी जागा बघून हलकेच खांदा लावला. दार तसूभरही हललं नाही.

चूक कुणाची म्हणाल तर महाराजांचीच, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? जुना वाडा पाडून त्यांनी नवा बांधायला काढला आणि हट्टच धरला, की नव्यात जुनं काही नको. शंभर वर्षांचं सागवान, घडीव चिरे, कौलं, सगळ्याचा मागच्या आवारात ढीग घातला. वर दवंडी पिटली, की नव्या वाड्यात जुनी ढलपी जरी कुणी बसवली, तरी तो हद्दपार! मग काय, काल तोडलेलं झाड आज वाड्यावर यायचं आणि उद्या त्याचं दार व्हायचं. रखमाजी सुतार बिचारा हात जोडून सांगत होता, "म्हाराज, ओलं लाकूड आन् नवा जावई, कवा फुगून बसंल त्याचा नेम न्हाई." शेजारीच महाराजांचे नवे जावई बसलेले. महाराजांनी रखमाजीकडे असं काही बघितलं, की तो मुकाट्याने रंधा मारायला लागला.

वास्तुशांतीला महिना उलटला नाही तोच वाड्याने रंग दाखवला. राणीसाहेबांच्या महालाचं दार लागेना, मुदपाकखान्याचं उघडेना. आचारी आत आणि भाजी बाहेर. आणि आज तर खुद्द महाराजच आत.

"त्या सुताराला बोलवा!" आतून गर्जना झाली.

रखमाजी धावत आला. मागोमाग त्याची लेक हौसा. हात आणि जीभ, दोन्ही चालवण्यात ही पोर बापाहून वरचढ.

"सुतारा," महाराज आतून म्हणाले, "मला बाहेर काढ. माझ्या छबीवर ओरखडा नको, भिंतीची वीट हलायला नको. बंबातलं पाणी गार व्हायच्या आत मी बाहेर आलो नाही, तर तू आणि तुझी लेक आजच राज्याबाहेर!"

रखमाजीने हौसाला बाजूला ओढलं. एक गोष्ट फक्त त्या दोघांनाच ठाऊक होती. न्हाणीघराच्या मागच्या खिडकीची झडपं जुनी होती. वाफेच्या जागी ओलं लाकूड टिकायचं नाही, म्हणून हौसाने ढिगातली सागवानी झडपं गुपचूप उचलली होती. रंधा मारून, तेल पाजून तिने ती अशी चकचकीत केली, की महाराजांनी स्वतः हात फिरवून म्हटलं होतं, "याला म्हणतात नवं!"

"आबा, खिडकी," हौसा कुजबुजली.

"गप बस. खिडकी उघडली, की आपलं पितळ उघडं पडलं. मंग हद्दपारी."

"आन् न्हाई उघडली तर?"

"तरी हद्दपारीच."

"मंग म्हाराजांना तरी कशापायी गारठवायचं?"

ती सरळ दाराशी गेली. "म्हाराज, मागची खिडकी वडून बघा की."

"खिडकी? अगं, या वाड्यातली एक खिडकी उघडेल तर शपथ. काल माझ्या महालातली पाच जणांनी ओढली, कडीच हातात आली."

"एका बोटानं वडा. जास्त जोर लावू नगा."

आत ओली पावलं फतफत वाजली. मग महाराजांचाच आवाज आला, "अरेच्चा!"

दरबार मागच्या आवारात धावला. खिडकीतून आधी शिकेकाई आली, मग मिशा, मग पोट. पोटापाशी जरा खोळंबा झाला, पण पहिलवानांनी ओढून घेतलं आणि महाराज जुन्या तुळयांच्या ढिगावरून पायरी पायरीने खाली उतरले. पंचा सावरला. मग वळून त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"ही खिडकी जुनी आहे."

रखमाजीने पागोटं उतरवून महाराजांच्या पायाशी ठेवलं. दिवाणजींनी हद्दपारीच्या हुकमासाठी लगेच कागद मागवला.

"जुनी कशी?" हौसा म्हणाली. "म्हाराजांनी सोता हात फिरवून नवी म्हनलं व्हतं. समद्यांनी ऐकलंय."

"तेव्हा फसलो. आता बरोबर ओळखली."

"कशावरनं वळखली? रंगावरनं?"

"छे! रंग तर सगळ्यांचा सारखाच."

"वासावरनं?"

"नाकात शिकेकाई आहे माझ्या!"

"मंग कशावरनं, म्हाराज?"

"कशावरून काय? अगं, उघडली की ती!"

आपण काय बोलून बसलो हे महाराजांना जरा उशिराच कळलं.

"चुकलंच माजं," हौसा मान खाली घालून म्हणाली. "हुकूम करा म्हाराज, आत्ता ही काढते आन् न उघडनारी बसवते. उद्या आंघोळ किती वाजता?"

राणीसाहेबांना पहिलं हसू फुटलं. मग पहिलवानांना. शेवटी महाराजांचं पोट हललं आणि ते ढिगावरच बसून हसायला लागले. बक्षीस द्यायला गळ्याकडे हात नेला, तर कंठा न्हाणीघरातच राहिलेला.

"हा सगळा ढीग तुझा," ते म्हणाले. "यातून वाड्याची दारंखिडक्या नव्याने... म्हणजे जुन्याने कर. उरेल त्यात बापलेकीचं घर बांध, वर शंभर मोहरा घेऊन जा."

"आन् तुमच्या छबीचं ते दार?"

"त्याचं काय करणार?"

"ढिगात ठिवते, म्हाराज. जुनं झालं की झ्याक कामाला यील!"

महाराज इतके हसले, की पंचा धरायला दोन्ही हात लागले.