विणकराच्या दारचा कोतवाल

नदीकाठच्या एका गावात एक रंगारी होता. हाताला कसब, तब्येत ठणठणीत, घरात चार वर्षांची गोड पोर. पण शेजाऱ्याला काही जास्त मिळालं की याच्या पोटात दुखलंच म्हणून समजा. शेजारी कोण, तर एक बहिरा विणकर.

गावात काही कळवायचं असलं की कोतवाल चावडीपुढे दवंडी पिटायचा. विणकराला ती ऐकू यायची नाही, म्हणून नंतर कोतवाल त्याच्या घरी जायचा, खांद्यावर हात ठेवून खुणेनं सांगायचा. विणकर त्याला गूळपाणी द्यायचा.

रंगारी खिडकीतून बघायचा आणि जळायचा. "काय हा मान. माझ्या उंबऱ्यावर कधी कोतवालाचं पाऊल पडलं का?" असं बायकोला रोज ऐकवायचा.

एकदा मिठाच्या गाड्या आल्याची दवंडी झाली. बायको म्हणाली, "अहो, मीठ संपलंय. जा की."

"येईल कोतवाल सांगायला," म्हणून रंगारी हट्टानं बसून राहिला. कोतवाल काही आला नाही, गाड्या मात्र निघून गेल्या. घरात अळणी आमटी शिजली आणि राग निघाला तो विणकरावर. आता यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण हेव्याला कारण लागतंय कुठे.

रंगारी चावडीवर गेला. "पाटील, गाव एक तर नियमही एक हवा. त्याला घरपोच निरोप आणि आम्ही धावत यायचं, हा कुठला न्याय?"

पाटलांना स्वतःला न्यायी म्हणवून घ्यायची भारी हौस. ते म्हणाले, "खरं आहे. आजपासून दवंडी सगळ्यांना सारखी. कोतवालानं कुणाच्याच दारी जायचं नाही."

त्या दिवशी रंगाऱ्याला अळणी आमटीसुद्धा गोड लागली.

पुढे एके दुपारी डोंगराकडे जोराचा पाऊस झाला आणि दवंडी झाली, "नदीला लोंढा येतोय, पात्रातून वर या." घाटावरची माणसं वर आली. रंगारी निवांत आपलं रंगाचं भांडं ढवळत होता. तेवढ्यात बायकोनं विचारलं, "पोर कुठंय?"

त्यानं हातातली काठी टाकली. पोर विणकराबरोबर नदीच्या वाळवंटात सूत धुवायला गेली होती, हे त्याला आत्ता आठवलं.

तो धावत सुटला. वाटेत कोतवाल दिसला. "अरे, विणकराला सांगितलंस का?"

"कुणाच्या दारी जायचं नाही असा हुकूम आहे," कोतवाल म्हणाला. "तुम्हीच मागून घेतलात ना?"

विणकर नदीकडे तोंड करून सूत पिळत होता. मागे सुताच्या ढिगावर पोर झोपली होती. रंगारी काठावरून घसा फुटेस्तोवर ओरडला. विणकरानं मान वळवली नाही. शेवटी रंगारी खाली उतरला, धापा टाकत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोरीला उचलून दोघं वर चढले, तोच लोंढा आला आणि सगळं सूत घेऊन गेला.

घरी आल्यावर विणकरानं रंगाऱ्यापुढे गूळपाणी ठेवलं. इतकी वर्षं ज्याच्यावर डोळा होता, ते त्याच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी तो चावडीवर गेला आणि सगळ्यांसमोर चूक कबूल केली. पाटीलही खजील झाले. तेव्हापासून कुठलाही हुकूम काढण्याआधी तिथं विचारलं जातं, "हे कुणापर्यंत पोचणार नाही?" आणि विणकराला निरोप द्यायला रंगारी आपणहून जातो.

तात्पर्य एवढंच: सगळ्यांना सारखं दिलं म्हणजे न्याय होत नाही, ते प्रत्येकापर्यंत पोचावं लागतं. आणि शेजाऱ्याच्या दारचा कोतवाल हवासा वाटला, तर त्याचे बहिरे कानही घ्यायची तयारी आहे का, ते आधी मनाला विचारावं.