बुडत्या मालाचा सौदा

पूर्वी कुमुदसर नावाच्या विस्तीर्ण सरोवराकाठच्या नगरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले होते. वडिलांमागे घर आणि दुकान त्यांच्याकडे आले. दुकान चांगले चाले, कारण त्यांच्या ढेपेत कधी खडा निघत नसे.

एकदा त्यांनी पैलतीराच्या बाजारासाठी मल्लक नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याच्या होडीत गूळ भरला. त्याच होडीत वसुपाल या व्यापाऱ्याची काशाची भांडी होती. वसुपालाने जन्मभर पोटाला चिमटा काढून जे साठवले, ते सारे त्या भांड्यांत घातले होते. दोघेही आपापल्या मालाबरोबर निघाले.

होडी मध्यावर आली आणि वारा फिरला. लाटा काठावरून आत येऊ लागल्या. पाणी उपसून थकलेला मल्लक म्हणाला, "शेठ, ओझं उतरवा. नाहीतर होडी जाईल आणि आपणही."

त्या सरोवरावर नावाड्यांचा एक नेम होता. मालकाने स्वतःच्या हाताने पहिला नग पाण्यात टाकल्याशिवाय नावाडी मालाला हात लावत नसे. नाहीतर माल विकून खाल्ला आणि नाव वादळाचे घेतले, असे लोक म्हणायला मोकळे. नेम चांगलाच होता. फक्त तो ठरवताना वसुपालासारखा मालक कोणाच्या डोळ्यांसमोर नसावा.

बोधिसत्त्वांनी पहिली ढेप टाकली. मग मल्लकाने बाकीच्या भराभर टाकल्या. होडी थोडी वर आली, पण भांडी फार जड होती. वसुपाल त्यांच्यावर आडवा पडला आणि म्हणाला, "हात लावलात तर मीही यांच्याबरोबर तळाला जाईन."

त्याला ओढावे, तर झटापटीत होडी तिथेच उलटली असती. बोधिसत्त्वांना त्याचा राग आला नाही, कीव आली. ज्याने जन्मात काही सोडले नाही, त्याला एका क्षणात सगळे सोड म्हणणे सोपे नसते. ते त्याच्याजवळ बसले.

"वसुपाल, ही भांडी मला विकतोस?"

"आत्ता?"

"आत्ताच. माझं घर आणि दुकान तुझं, भांडी माझी."

वसुपालाचे दात भीतीने वाजत होते, पण व्यापारी तो व्यापारीच. त्याने विचारले, "साक्षीदार कोण?"

"मी आहे," मल्लक म्हणाला. "पण लवकर आटपा. साक्षीदारही बुडायला आलाय."

वसुपालाने मान हलवली आणि तो बाजूला सरकला. माल आता बोधिसत्त्वांचा झाला होता. पहिली घागर त्यांनी टाकली, मग त्यांनी आणि मल्लकाने मिळून सारे काही. हलकी झालेली होडी वाऱ्याने काठाकडे रेटली गेली आणि खडकावर आपटून फुटली. तिथे पाणी छातीइतकेच होते. तिघेही चालत बाहेर आले.

नगरात लोक हसले. वादळातला सौदा कोण पाळतो, असे ज्याने त्याने सांगितले. बोधिसत्त्वांनी दुसऱ्या दिवशी घराची आणि दुकानाची किल्ली नेऊन वसुपालाच्या हातात ठेवली.

वसुपाल खाली बघत म्हणाला, "माल तळाला जाणार हे तुला ठाऊक होतं. मग किंमत कशाची दिलीस?"

"तुझ्या मुठी आवळलेल्या होत्या," बोधिसत्त्व म्हणाले. "त्या उघडायला त्यांत दुसरं काहीतरी द्यावं लागलं."

वसुपालाने किल्ली घेतली. घर आणि दुकान त्याने परत केले नाही, हेही सांगायला हवे. कथा सोयीची करण्यात अर्थ नाही. बोधिसत्त्व मल्लकाच्या झोपडीत राहायला गेले आणि त्याची नवी होडी बांधू लागले. त्यांना कोणी दुःखी पाहिले नाही.

ही कथा सांगून झाल्यावर शास्ते, म्हणजे भिक्खूंचे गुरू, त्यांना म्हणाले, "तेव्हाचा मल्लक म्हणजे आपल्यासाठी विहाराचे दार उघडणारा उपासक नंदिय. गुळाचा व्यापारी मीच होतो. आणि वसुपाल म्हणजे तुमच्यातलाच वृद्ध भिक्खू पियंकर. भिक्षेतला अर्धा भाग दुसऱ्याच्या पात्रात घातल्यावाचून तो घास घेत नाही, आणि का ते त्याला सांगता येत नाही. दिलेले वाया गेले असे दिसले, तरी देणाऱ्याने वाट पाहावी. हीच दानाची परिपूर्णता, दानपारमिता."