पाळण्याला टांगलेली तीन रत्नं

एका राज्यात मुलं डोळे मिटून जन्मत. बाराव्या दिवशी आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव सांगावं, पाळण्याला पहिला झोका द्यावा, आणि मुलानं डोळे उघडावेत, अशी तिथली रीत. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत झोका मिळाला नाही, तर डोळे जन्मभर मिटलेलेच राहत.

तिथल्या राजाचं नाव धैर्यसेन. नाव धैर्यसेन, पण मांजर आडवं गेलं की दरबार बरखास्त करी. त्याला मुलगी झाली. नगरात साखर वाटली गेली. पण बारशाच्या पहाटे दासींनी पाळणा हलवून पाहिला, तर तो हलेना. मल्ल लावले, हत्ती जुंपला, तरी पाळणा जागचा हलेना.

कारण त्याला तीन रत्नं टांगलेली होती. पूर्वीच्या तीन राजांनी मरताना पुढच्या पिढ्यांसाठी एकेक उपदेश सांगितला होता आणि मांत्रिकाकडून तो रत्नात कोंडून घेतला होता. माणकात होतं, ‘अनोळख्याच्या हातचं खाऊ नये.’ हे सांगणाऱ्या राजाला विष घातलं होतं ते सख्ख्या भावानं, पण असो. पाचूत होतं, ‘वाहत्या पाण्यात उतरू नये.’ त्या बिचाऱ्याचा लेक नदीत बुडाला होता. आणि हिऱ्यात होतं, ‘राजवंशानं कोणाला हाक मारू नये.’ त्या राजानं रणात हाक मारली होती, आणि कोणीच आलं नव्हतं.

मांत्रिकानं तेव्हाच बजावलं होतं, “महाराज, शब्द टिकतील. पण दर पिढीला त्यांचं वजन वाढेल.” मरणाऱ्याला पुढचं वजन कुठून दिसणार? आता नवा पाळणा आणला, तर रत्नं आपण होऊन त्याला जाऊन लटकली.

इतक्यात खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि बोलला, “या वंशातल्या कोणीतरी ज्या त्या भीतीच्या दारी जावं. म्हणजे रत्न गळेल.”

राजानं मान खाली घातली. त्याची थोरली बहीण पद्मरेखा उठली. ती त्याच तीन उपदेशांवर वाढली होती.

“अक्का, जाऊ नकोस,” राजा म्हणाला.

“भाची आहे माझी,” ती म्हणाली, आणि भारद्वाजामागून निघाली.

रानाच्या कडेला एक म्हातारी चुलीपुढे बसली होती.

“ये बाई, टेक जरा. भाकर खाशील?”

पद्मरेखेनं ना नाव विचारलं, ना गाव, आणि भाकर घेतली. पहिला घास तोंडात फिरत राहिला. दुसरा गेला. भाकरी थोडी करपली होती, आणि गोड लागत होती. तिकडे महालात माणिक खळ्कन गळून पडलं.

पुढे नदी आली. तिच्या तळाशी ढग चालत होते आणि मासे त्यांच्यातून वाट काढत होते. पद्मरेखेनं पाय घातला. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. तिनं डोळे मिटले. तेव्हा पायाखाली तिला मऊ वाळू लागली, आणि वाळूवरून चालत ती पैलतीरी गेली. महालात पाचू गळून पडला.

पैलतीरी धुक्याचं रान होतं. “इथून पुढे माझी वाचा नाही,” भारद्वाज म्हणाला आणि उडून गेला. त्या रानात झाडं हळूच जागा बदलत. पद्मरेखा चालली, पुन्हा चालली, आणि पुन्हा आपल्याच पावलांच्या ठशांपाशी आली. उन्हं उतरली. तिकडे बाळाचे डोळे जन्मभर मिटलेले राहायची वेळ आली होती, आणि हिला हाक मारता येईना. जन्मात तिनं कोणाला हाक मारली नव्हती.

“कोणी आहे का?” ती शेवटी ओरडली. “मी वाट चुकलेय!”

कोणीच आलं नाही. तिला रणातला तो राजा आठवला, आणि रडू आलं. तिनं रडत रडतच दुसरी हाक मारली, “मला भीती वाटतेय हो!”

“ओऽऽ! आले गं बाई, तिथंच थांब!” धुक्यातून आवाज आला. तीच भाकरीवाली म्हातारी होती. तिनं पद्मरेखेचा हात धरला आणि महालाच्या दारापर्यंत सोडला नाही.

महालात हिरा गळून पडला होता. सूर्य टेकला होता. पद्मरेखा ओल्या लुगड्यानिशी पाळण्याशी गेली.

“अक्का,” राजा म्हणाला, “आता पुढच्या पिढ्यांना काय सांगायचं?”

ती बाळाच्या कानाशी वाकली. “कुर्रर्र! हंसावली!” मग हळूच म्हणाली, “भीती वाटली तर हाक मार, बाळा. पहिल्या हाकेला कोणी आलं नाही, तर दुसरी मार.”

आणि झोका दिला.

हंसावलीनं डोळे उघडले आणि टाहो फोडला. सगळे कौतुकानं पाहतच राहिले, पुढे कोणीच झालं नाही. मग तिनं दुसरा टाहो फोडला, पहिल्याहून मोठा. तेव्हा राजा धैर्यसेन मुकुट सावरायचं विसरून धावला आणि त्यानं लेकीला उचलून छातीशी धरलं.

ती रत्नं मग गारगोट्यांसारखी हलकी झाली. त्या राज्यातल्या मुली अजून त्यांनी सागरगोटे खेळतात. हंसावलीची दुसरी हाक जशी ऐकली गेली, तशी तुमच्या-आमच्या लेकरांची ऐकली जावो.