माईक आणि फुंकर

आईशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः तिथं हजर होतो. म्हणजे नव्हतो, पण असतो तर हेच पाहिलं असतं.

फार वर्षांपूर्वी तांबटमास्तरांच्या दुरुस्तीच्या दुकानात एक जुना माईक आला. आवाज पकडायला त्याच्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पट्टी होती. ती पुन्हा फाटली होती.

"काय म्हातारबा, आलात परत पोट फाडून?" शेजारचा कर्णा खिदळला.

"मी फाडलं? जो उठतो तो आधी माझ्या तोंडात फू फू करतो, वर टिचक्या मारतो आणि मग म्हणतो, माईकच बोगस!"

मास्तरांनी जवळची शेवटची पट्टी बसवली आणि हातभर लांबून हळूच "नमस्कार" म्हटलं. कर्ण्यातून शब्द स्वच्छ उमटला. माईक सुखावला.

तेवढ्यात उत्सव मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब माईक न्यायला आले. "चालतोय का बघू," म्हणत त्यांनी तो तोंडाशी धरून गाल फुगवले.

"खबरदार!" माईक गरजला, आणि कर्ण्यातून ते साऱ्या बाजारपेठेला ऐकू गेलं. "डोळा शाबूत आहे का बघायला त्यात बोट खुपसता का हो?"

बापूसाहेब ओशाळले आणि त्यांनी मास्तरांची माफी मागितली.

आता कबूल करतो, ही माफी मी पदरची घातली. माईक बोलला ते खरंच. पण बापूसाहेबांनी फुंकर मारलीच, पट्टी फाटलीच, आणि जाताना ते बाजारभर सांगत गेले, "तांबटांच्या हाताला आता पूर्वीची सफाई राहिली नाही!"